प्रेमाचा घेता हात

एखाद्या घरात संध्याकाळी घडणारा साधा प्रसंग आहे. पती कोठल्याशा सभेत भाषण करून घरी येतो. भाषण चांगले वठलेले असते, टाळ्याही पडलेल्या असतात. पत्नी मनापासून म्हणते, "आज फार छान बोललात तुम्ही." या चार शब्दांनी त्याचा चेहरा उजळावा, पण तो काळवंडतो. "उगीच माझी समजूत घालू नकोस," असे म्हणून तो आतल्या खोलीत निघून जातो. दाराशी उभ्या असलेल्या पत्नीला कळेनासे होते की, आपण चुकलो ते कोठे?

ती चुकलेली नसते. पण जो स्वतःला उणे मानतो, त्याच्या मनाचे दार स्तुतीच्या किल्लीने उघडत नाही. त्याने मनाशी एक निकाल आधीच देऊन ठेवलेला असतो : 'माझी योग्यता कमी आहे.' मग जो कोणी त्याचे कौतुक करील, त्याच्याविषयी त्याला दोनच तर्क सुचतात. एक तर हा माणूस खोटे बोलतो आहे, नाही तर त्याने मला अजून पुरते ओळखलेले नाही. म्हणून स्तुती जितकी वाढते, तितका संशय वाढतो आणि प्रेम करणाऱ्याचे हात रितेच राहतात.

या मनोवृत्तीला मराठीत 'न्यूनगंड' हा शब्द रूढ झाला आहे. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड अॅडलर यांच्या लेखनामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना सर्वत्र पोहोचली. तेव्हापासून न्यूनगंडाने पछाडलेल्या माणसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या, त्याच्यावर जीव लावणाऱ्या माणसाचा विचार त्या मानाने थोडा झाला. त्याने काय बोलावे, कोठे थांबावे, किती सोसावे? या प्रश्नांची उत्तरे उपदेशातून सहसा मिळत नाहीत. चांगला चित्रपट मात्र येथे मोठे साहाय्य करू शकतो. पडद्यावर दोघांचेही चेहरे एकाच वेळी दिसतात, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. स्वतःच्या घरात प्रेम करणाऱ्याला आपला चेहरा कधीच दिसत नसतो, तो अंधाऱ्या चित्रपटगृहात त्याला दुसऱ्याच्या रूपाने पाहावयास मिळतो.

अशा काही चित्रपटांचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे. ते निरनिराळ्या देशांतले आणि काळांतले आहेत. परंतु एकामागून एक पाहिले, तर ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात.

आरंभ 'मार्टी' या अमेरिकन चित्रपटापासून करावा. पॅडी चायेफ्स्की यांनी लिहिलेले हे कथानक १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवरील नाटकाच्या रूपाने प्रथम लोकांपुढे आले आणि १९५५ मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याने मिळविले. मार्टी हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला खाटीक. वय चौतीस. धाकट्या भावंडांची लग्ने होऊन गेली, हा एकटाच उरला. शेजारीपाजारी, गिऱ्हाइके, आई, सारी त्याला एकच प्रश्न विचारतात, 'तू लग्न कधी करणार?' आपण लठ्ठ आणि कुरूप आहोत आणि कोणतीही मुलगी आपल्याकडे पाहणार नाही, असे त्याने मनाशी पक्के केले आहे. अर्नेस्ट बोर्गनाइन या नटाने हा माणूस असा उभा केला आहे की, त्याचे हसणे पाहूनही पोटात कालवते.

एका शनिवारी आईच्या आग्रहाखातर तो नृत्यगृहात जातो. तेथे एक तरुण त्याच्याजवळ येऊन पाच डॉलर देऊ करतो. कशासाठी? तर त्या तरुणाबरोबर आलेली शिक्षिका क्लारा त्याला नकोशी झाली आहे, तिला मार्टीने घरी पोहोचवावे यासाठी. मार्टी संतापून नकार देतो. पुढे एकाकी पडलेली क्लारा बाहेर जाऊन रडू लागते, तेव्हा तो तिच्यामागे जातो आणि आपल्याबरोबर नाचाल का, असे विचारतो. तिची कीव करावयास तो गेलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अव्हेराचा डंख कसा असतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो गेला आहे. नंतर ते दोघे रस्त्याने हिंडत बोलत राहतात. आपण काम करतो ते मांसाचे दुकान विकत घ्यावे की नाही, हा आपल्या मनातला घोळ मार्टी तिच्यापुढे मांडतो. आणि आजवर जिला कोणी काही विचारले नव्हते, ती क्लारा आपले मत देते. तिचा चेहरा त्या क्षणी हळूच बदलतो. 'तू सुंदर आहेस' असे सांगून जे साधले नसते, ते 'तुला काय वाटते?' या साध्या प्रश्नाने साधून जाते.

या चित्रपटात आणखी एक कठोर सत्य आहे. दुसऱ्या दिवशी मार्टीचे मित्र क्लाराला नावे ठेवतात. मुलगा हातचा जाईल या भीतीने आईही कुरकुरते. आणि कालचा तो प्रेमळ मार्टी ठरल्याप्रमाणे क्लाराला दूरध्वनी करीत नाही. ती आपल्या आईवडिलांजवळ डोळे पुशीत बसून राहते. अखेरीस मार्टीला आपली चूक उमगते. परंतु तोपर्यंत प्रेक्षकाला कळून चुकते की, स्वतःला उणे मानणाऱ्यावर प्रेम करणाराही जगाच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि तसे त्याने पाहिले की, ते समोरच्याला तत्काळ कळते. 'हिच्यात त्याने काय पाहिले?' या जगाच्या प्रश्नाला भिणाऱ्याने दुसऱ्याची भीती घालविण्याची उमेद धरू नये.

मार्टीने जे नकळत केले, त्याचा उलगडा चार्ली चॅप्लिन यांच्या १९५२ च्या 'लाइमलाइट' या चित्रपटात होतो. स्थळ लंडन, साल १९१४. कॅल्व्हेरो हा एकेकाळचा लोकप्रिय विदूषक, आता म्हातारा, मद्यपी आणि विस्मृतीत गेलेला. एके दिवशी झोकांड्या खात घरी परतताना त्याला गॅसचा वास येतो. दार फोडून तो एका तरुण नर्तिकेला मृत्यूच्या तोंडातून ओढून काढतो. टेरी तिचे नाव. आपले पाय गेले, आपण पुन्हा कधीही नाचणार नाही, असे तिच्या मनाने घेतले आहे. पायांत तर काही दोष नाही. तिच्या बहिणीने तिच्या नृत्यशिक्षणासाठी देहविक्रय केला होता, त्या जाणिवेचे ओझे तिच्या मनावर आहे. आपल्याला नाचण्याचा अधिकारच नाही असे वाटणाऱ्या मुलीचे पाय तिच्या मनाचाच हुकूम पाळीत आहेत.

कॅल्व्हेरो तिला समजावितो, हसवितो, जीवनाची थोरवी सांगतो. त्याची वाणी रसाळ आहे, पण तिचे पाय हलत नाहीत. मग एके रात्री तो स्वतः मोडून घरी येतो. पुष्कळ दिवसांनी मिळालेल्या कामात त्याची फजिती झाली आहे, प्रेक्षक उठून गेले आहेत. म्हातारा विदूषक रडू लागतो. त्याला धीर देण्यासाठी टेरी आवेशाने बोलू लागते आणि बोलता बोलता एकाएकी तिच्या लक्षात येते की, आपण उभ्या आहोत, आपण चालत आहोत!

प्रस्तुत विषयाचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. कॅल्व्हेरोच्या उपदेशाने जे झाले नाही, ते त्याच्या अश्रूंनी झाले. जोवर तो देत होता आणि ती घेत होती, तोवर ती रुग्णच राहिली. ज्या क्षणी त्याला तिची गरज पडली, त्या क्षणी ती उठून उभी राहिली. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, हा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. स्वतःला उणे मानणाऱ्याचा हात आयुष्यभर खालीच राहिलेला असतो. त्याला सतत देत राहणारे प्रेम कितीही निर्मळ असले, तरी त्याचा हात खालीच ठेवते. त्याच्याजवळून काही मागून घेणारे, मनापासून घेणारे प्रेमच तो हात वर आणू शकते.

घेणे म्हणजे मात्र केवळ उपयोग करून घेणे नव्हे. हा भेद ज्या चित्रपटात अत्यंत नाजूकपणे उकलला आहे, तो गौरी शिंदे यांचा २०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' होय. त्यातली शशी गोडबोले ही मराठी गृहिणी. तिच्या हातचे लाडू गावात वाखाणले जातात. ते करून ती विकते आणि चार पैसे मिळविते. घर तिच्यावाचून चालत नाही. पती, दोन मुले, सासू, सगळे तिच्याकडून घेतच असतात. पण त्या घेण्यात दखल नाही. तिला इंग्रजी येत नाही म्हणून मुलगी तिला शाळेत नेण्यास लाजते. पती वाईट नाही, तो तिच्यावर प्रेमही करतो. पण तिचा व्यवसाय त्याला पोरखेळ वाटतो आणि चारचौघांत तो थट्टेने म्हणतो की, आपली बायको लाडू करण्यासाठीच जन्माला आली. सगळे हसतात. शशीही हसते. श्रीदेवी यांनी ते हसणे ज्या रीतीने दाखविले आहे, ते एकदा पाहिलेल्या नवऱ्याने घरी अशी थट्टा करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

भाचीच्या लग्नासाठी शशी न्यूयॉर्कला जाते आणि कोणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घालते. तेथे ती लाडवांचा आपला छोटा धंदा सांगते, तेव्हा शिक्षक तिला व्यावसायिक उद्योजकाला इंग्रजीत जो भारदस्त शब्द आहे, त्या शब्दाने संबोधितो. धंदा तोच, लाडू तेच, पण त्याला योग्य नाव मिळाले आणि रस्त्याने तो शब्द घोकीत चाललेल्या शशीची मान ताठ झाली. तिच्या कुटुंबाने तिला नवे काही द्यावयाचे नव्हते. ती जे रोज देत होती, त्याला त्याच्या योग्यतेचे नाव द्यावयाचे होते. शशी स्वतःच एके ठिकाणी सांगते की, तिला प्रेमाची उणीव नाही, उणीव आदराची आहे. न्यूनगंड पुष्कळदा माणूस जन्मतः बरोबर आणीत नाही, तर जिव्हाळ्याची माणसे हसत हसत तो रोज थोडा थोडा त्याच्या पानात वाढीत असतात. म्हणून दुसऱ्याच्या न्यूनगंडावर उपाय शोधणाऱ्याने आधी आपली थट्टा तपासावी.

शशीच्या घरात पतीचे आसन स्थिर होते आणि पत्नीचे डळमळीत. सत्यजित राय यांच्या १९६३ च्या 'महानगर' या बंगाली चित्रपटात ही आसने आपसांत बदलतात. कलकत्त्यातील सुब्रत मजुमदार हा बँकेतला कारकून. पगारात घर भागत नाही म्हणून त्याची पत्नी आरती नोकरी धरते आणि विणकामाची यंत्रे घरोघर जाऊन विकू लागते. बुजरी आरती दिवसेंदिवस फुलत जाते आणि सुब्रत मिटत जातो. तिच्या पिशवीत सापडलेली ओठांची लाली त्याला बोचते. अखेर तो तिला नोकरी सोडावयास सांगतो आणि नेमकी त्याच दिवशी त्याची बँक बुडते. आता सबंध घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालणार!

कामधंदा गेलेल्या पुरुषाच्या मनात काय चालते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी या चित्रपटातला उपाहारगृहाचा प्रसंग पाहावा. आरती एका परिचिताबरोबर बसली आहे. सुब्रत योगायोगाने तेथेच, वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसला आहे. पतीविषयी विचारले जाताच आरती सांगते की, ते स्वतःच्या व्यवसायात गढून गेले आहेत. पतीची अब्रू राखण्यासाठी ती खोटे बोलते आहे आणि पती ते ऐकतो आहे. प्रेमाने पांघरलेली शालसुद्धा किती जड होऊ शकते, हे अनिल चटर्जी यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

शेवटी मात्र राय या दोघांना समान पातळीवर आणून उभे करतात. आपल्या अँग्लो-इंडियन सहकारिणीवर मालकाने अन्याय केला म्हणून आरती तडकाफडकी राजीनामा देते. घरातली एकुलती एक मिळकत गेली! जिन्याखाली पती भेटतो तेव्हा ती घाबरलेली आहे. तिला त्याच्या धीराची गरज आहे. आणि जो इतके दिवस तिच्या ओझ्याखाली दबला होता, तो सुब्रत तिला सांगतो की तिने केले ते योग्यच केले, ते धैर्य त्याला स्वतःला झाले नसते. त्याच्या खिशात पैसा नाही, हाताला काम नाही. पण देण्याजोगे काहीतरी अजून त्याच्याजवळ आहे, हे त्याला आणि तिलाही त्या क्षणी कळते. मग ते दोघे त्या अफाट शहराच्या गर्दीत बरोबरीने चालू लागतात.

आणि आता सई परांजपे यांचा 'स्पर्श'. ज्यांच्या कारकीर्दीचा आरंभ पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर झाला, त्या लेखिका-दिग्दर्शिकेचा १९८० चा हा हिंदी चित्रपट प्रस्तुत विषयावरचा एक स्वतंत्र ग्रंथच आहे. अनिरुद्ध हा अंध शाळेचा अंध मुख्याध्यापक. करारी, बुद्धिमान, कर्तबगार. याला कोणी न्यूनगंडी म्हणणार नाही. पण न्यूनगंड नेहमी मान खाली घालून वावरतो असे नाही. पुष्कळदा तो स्वाभिमानाचे चिलखत घालून वावरतो. कविता ही नुकतीच विधवा झालेली तरुणी त्याच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगण्यास आणि गाणी शिकविण्यास येऊ लागते. एकदा त्याच्या कचेरीत ती सहजभावाने त्याच्यासाठी कॉफी पुढे करावयास जाते आणि तो भडकतो. अंधांना मदत हवी असते, दया नको असते, हे त्याचे ब्रीद. ते रास्तच आहे. पण प्रत्येक हातात त्याला दयाच दिसू लागली, तर प्रेमाचा हात त्याने ओळखावा कसा?

दोघांचा विवाह ठरतो. पण आपल्या अंध सहकाऱ्याच्या संसाराची कहाणी ऐकून अनिरुद्ध मनातून हादरतो. कविता आपल्याशी विवाह करते आहे तो त्याग म्हणून, रित्या आयुष्याला काही व्रत हवे म्हणून, असे त्याच्या मनाने घेतले. कारण न सांगता तो विवाह मोडतो. नसीरुद्दीन शाह यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांच्या अभिनयात अनिरुद्धचा ताठा आणि त्याच्या बुडाशी असलेली भीती ही एकाच वेळी दिसत राहतात.

या कथेत कविताची बाजू बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या वागण्यात सेवेचा सूर होता, हे नाकारता येत नाही. पण सत्य याहून मोठे होते. पतीच्या निधनानंतर तिने स्वतःला घरात कोंडून घेतले होते. अनिरुद्धने आणि त्याच्या मुलांनी तिला पुन्हा माणसांत आणले. त्याने तिला जे दिले, ते तिने त्याला दिलेल्याहून तिळभरही उणे नव्हते. ती हे त्याला वेळीच, स्पष्टपणे सांगती तर? 'मी तुम्हांला सांभाळीन' या वाक्याने ज्याला भीती वाटते, त्याला 'तुम्ही मला सावरले आहे' हे वाक्य ऐकावयास हवे असते. प्रेम करणारी पुष्कळ माणसे हे सांगावयाचे विसरतात. घेतल्याची कबुली देण्यात आपला मोठेपणा कमी होईल अशी भीती कधी त्यांनाही वाटत असते. शेवटी ही दोन माणसे पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात, परंतु चित्रपट तेथे गाजावाजा करीत नाही. हात हाताला लागतो, इतकेच.

येथवरच्या कथांना आशेचा शेवट आहे. तसा तो नेहमी असतोच असे मानणे मात्र घातक ठरेल. गुरुदत्त यांचा १९५९ चा 'कागज के फूल' हा त्यासाठी पाहावा. यशाच्या शिखरावरून कोसळलेला दिग्दर्शक सुरेश सिन्हा आणि त्याने उजेडात आणलेली अभिनेत्री शांती. ती त्याला सावरण्यासाठी येते आणि तिच्या पुण्याईवर पुन्हा उभे राहणे तो नाकारतो. पुढे ती त्याला ओळखून त्याच्यामागे धावते आणि तो पळून जातो. येथे शांतीचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. जो हात मिटूनच घ्यावयाचा असे दुसऱ्याने ठरविले आहे, तो बाहेरून उघडता येत नाही, ही प्रेमाची मर्यादा आहे. ती ओळखण्यात प्रेमाचा कमीपणा नाही.

मग मागे राहणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३९ मध्येच देऊन ठेवले आहे. व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' मधील पोलीस शिपाई गणपत हा वेश्यावस्तीतल्या मैनेला त्या चिखलातून बाहेर काढू पाहतो. शाहू मोडक यांचा सरळ, निष्पाप गणपत आणि शांता हुबळीकर यांची हसऱ्या मुखवट्याआड जळणारी मैना. तो तिला आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आणतो, पण तिच्या मनातला उंबरठा तिला ओलांडवत नाही. त्या घराची सोज्ज्वळताच तिला आपल्या डागांची अधिक आठवण करून देते. अखेर हातून खून घडून ती तुरुंगात जाते आणि तिला तेथून सोडविण्याची गणपतची तयारीही ती नाकारते. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, 'देवदास'ने प्रेमभंगाचे दुसरे टोक दाखविले होते. गणपत त्या वाटेने जात नाही. तो आपल्या कर्तव्याकडे, आपल्या जीवनाकडे परततो. बुडणाऱ्याबरोबर बुडणे ही निष्ठा नव्हे, हे प्रभातने त्या काळी निःसंदिग्धपणे सांगितले.

आता हे चित्रपट पाहावे कसे, याविषयी दोन शब्द. जिवलग माणसाला समोर बसवून, 'पाहा, हे तुझेच चित्र आहे,' अशा थाटात ते दाखवू नयेत. स्वतःला उणे मानणाऱ्याला असा चित्रपट म्हणजे आणखी एक प्रगतिपुस्तक वाटते. प्रथम प्रेम करणाऱ्याने ते एकट्याने पाहावे, कारण त्यांतले शिकण्याजोगे पुष्कळसे त्याच्याचसाठी आहे. बरोबर पाहावयाचे झाल्यास 'मार्टी' आणि 'इंग्लिश विंग्लिश' हे निवडावे. त्यांत हसू आहे आणि हसण्याच्या आडोशाने मन मोकळे होते. मन खचलेले असताना 'कागज के फूल' मात्र दूर ठेवावा. हृदयाला भिडणारा प्रसंग आला म्हणजे शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहू नये. चित्रपट संपल्यावर तात्पर्य सांगू नये. आणि सर्वांत उत्तम म्हणजे, पुढचा चित्रपट कोणता पाहावयाचा हे त्यालाच ठरवू द्यावे आणि त्याची निवड आनंदाने स्वीकारावी. त्याच्याकडून घेण्याचा आरंभ इतक्या लहान गोष्टीपासूनही होऊ शकतो.

एक इशारा देणे अगत्याचे आहे. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलेच बरे, अशी भाषा ज्याच्या तोंडी येऊ लागेल, त्याच्यासाठी चित्रपट पुरेसा नाही आणि एकट्याचे प्रेमही पुरेसे नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तिचे साहाय्य घेण्यात संकोच मानू नये. तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी केवळ मायेवर ठेवीत नाही, हाच न्याय मनाच्या दुखण्यालाही लागू आहे.

आरंभीच्या त्या घराकडे पुन्हा एकदा वळावे. पुढच्या खेपेस पती सभेहून परत येतो. या वेळी पत्नी 'छान बोललात' असे म्हणत नाही. ती चहाचे पेले घेऊन त्याच्याजवळ बसते आणि विचारते, "शेवटी तुम्ही त्या पाटबंधाऱ्याचा दाखला दिलात ना, तो मला नीट कळला नाही. जरा समजावून सांगता का?" तो क्षणभर तिच्याकडे पाहतो. तिच्या चेहऱ्यावर समजूत घालण्याचा भाव नाही, खरोखरीचे कुतूहल आहे. तो खुर्ची पुढे ओढतो आणि सांगू लागतो. मध्येच कागद मागवून आकृती काढतो. ती दोन शंका विचारते, तिसरीला तो अडखळतो आणि दोघेही हसतात. पेल्यातला चहा केव्हाच निवून गेलेला असतो.